कापडात मुरलेलं चेडर पहिल्यांदा चाखताना

रेडिंगहून आलेला प्रश्न असा आहे. घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये 'साठा मर्यादित' अशी पट्टी लावलेलं, इंग्लंडच्या समरसेट परगण्यातलं चेडर चीज दिसलं, कापडात बांधून १८ महिने मुरवलेलं. भाव नेहमीच्या चेडरच्या जवळपास तिप्पट, तरी हौसेने २०० ग्रॅमचा तुकडा घेतला. घरी येऊन पाकीट फोडलं आणि लगेच खाल्लं, तर वास ओल्या तळघरासारखा, कडेला निळसर रेघ, दाताखाली बारीक खडे, आणि नेहमीच्या चेडरचा गोडवा कुठेच नाही. तुकडा खराब निघाला का? परत करावा का? आणि पुढच्या महिन्यात सासूबाई येताहेत, त्या शाकाहारी आहेत, त्यांना चालेल का?

परत करू नका. तुम्ही सांगितलेल्या चार गोष्टींपैकी एकही खराबीची खूण नाही. उलट ढेप खरोखर कापडात मुरली होती, याच्या त्या खुणा आहेत. सासूबाईंना मात्र हे चीज बहुधा चालणार नाही. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते, कारण तिथे अंदाजावर जाऊन भागत नाही.

मी मूळची कोल्हापूरकडची. गेली चौदा वर्षं बाथजवळच्या एका दुकानात चीजच्या काउंटरवर उभी आहे. कापडातल्या चेडरच्या ढेपा आमच्याकडे अख्ख्या येतात, एकेक साधारण २५ किलोची. कापड सोलायचं, तारेने ढेप कापायची, रोज सकाळी प्रत्येकीची चव घ्यायची, हे माझं काम. तुमच्यासारखा तुकडा हातात घेऊन परत आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि बहुतेकांची चूक एकच असते: फ्रीजमधून काढून थेट तोंडात.

चीजचा स्वाद बराचसा त्याच्या स्निग्धांशात असतो. थंडीत गोठलेल्या तुपाच्या बरणीत नाक घातलं तरी फारसा वास येत नाही, आणि तेच तूप गरम भातावर पडलं की घरभर घमघमतं. इथेही तसंच. चार-पाच अंशांवरचं चेडर म्हणजे गोठलेलं तूप. खायच्या तासभर आधी बाहेर काढा, हिवाळ्यात स्वयंपाकघर गार असेल तर दीड तास. जेवढं खायचं तेवढंच कापून काढा आणि कागदात सैल गुंडाळून ठेवा, म्हणजे कापलेली बाजू सुकणार नाही.

दुसरी गोष्ट पाकिटाची. सुपरमार्केटमध्ये हे तुकडे बहुधा हवा काढून प्लास्टिकमध्ये बंद केलेले असतात. ज्या ढेपेने दीड वर्ष कापडातून श्वास घेतला, तिचा तुकडा कित्येक दिवस प्लास्टिकला चिकटून बसलेला असतो. पाकीट फोडल्यावर येणारा पहिला कुबट भपका त्या कोंडमाऱ्याचा. तो धरून मत बनवू नका. सुरीची पाठ कापलेल्या पृष्ठभागावरून हलकेच फिरवा, कागदाइतका पातळ थर निघू द्या आणि पंधरा मिनिटं उघडं ठेवा. आम्ही दुकानात रोज सकाळी गिऱ्हाइकांआधी हेच करतो. त्याला 'तोंड साफ करणं' म्हणायची मला सवय झाली आहे.

आता चाखायचं कसं. चौकोनी फोडी करू नका. तुकड्याचं निमुळतं टोक म्हणजे ढेपेचा मध्य, आणि जाड बाजू म्हणजे साल. सुरुवात टोकापासून करा आणि सालीकडे जा. उलट केलंत तर सालीजवळचा उग्रपणा जिभेवर बसतो आणि मधला नाजूक भाग बेचव लागतो. सुरी लावण्याऐवजी बोटांनी मोडा. चांगलं चेडर मोडताना वाकत नाही, खडबडीत तुटतं. बोराएवढा तुकडा अंगठा आणि तर्जनीत दाबा: आधी ठिसूळ वाटेल, चुरा होईल, मग बोटांच्या उबेने मेणासारखा मऊ पडेल. तेव्हा वास घ्या. मग तोंडात घाला, चार-पाच वेळा चावा, टाळूवर दाबून ठेवा आणि नाकाने श्वास सोडा. खरी चव त्या सोडलेल्या श्वासात येते.

मागच्या आठवड्यात उघडलेल्या ढेपेचंच सांगते. मधला भाग आधी ताज्या ताकासारखा आंबूस, त्यामागून भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंगपणा. दोन बोटं सालीकडे सरकल्यावर आंबटपणा मागे गेला आणि उकडलेल्या कांद्याचा, मटणाच्या रश्श्यासारखा दाट स्वाद पुढे आला. सालीच्या अगदी जवळ जे होतं त्याला मला मराठीत एकच शब्द सापडतो: बेरी. लोणी कढवून तूप गाळलं की भांड्याच्या तळाशी राहते ती. लहानपणी ती साखर घालून खाल्लेली असेल तर हा स्वाद तुम्ही लगेच ओळखाल. इथले जाणकार तिथे वेगळे शब्द वापरतात, मला मात्र प्रत्येक वेळी आईची कढई आठवते. एकाच तुकड्यात तीन बोटांच्या अंतरात एवढा फरक पडतो, कारण सालीकडून हवा लागते, पाणी उडतं आणि बुरशीचं काम तिथे जास्त चालतं.

चीज करणारे ढेप न कापता तिची परीक्षा कशी करतात, हे एकदा जरूर पाहा. लांब पन्हळीसारखं एक लोखंडी हत्यार असतं. ते ढेपेत खुपसायचं, अर्धा फेरा द्यायचा आणि बाहेर ओढायचं. पन्हळीत बोटाएवढी कांडी येते. टोकाचं चिमूटभर चाखायचं, कांडी परत भोकात बसवायची आणि वरून चीजचाच लगदा चोपडून भोक बुजवायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चव घेण्याआधी त्या जुन्या माणसाने हत्याराची पाठ नाकाशी नेली होती. तिला लागलेल्या पातळ थराचा वास त्याला पुरेसा होता. आजोबांबरोबर मी गुळाच्या बाजारात जात असे. ते रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, नख लावून, कण बोटांत चुरडून, जीभ न लावताच भाव ठरवत. त्या दिवशी गोदामात मला तेच आठवलं, आणि हे काम शिकता येईल असं वाटलं.

तुम्हाला लागलेले खडे मीठ किंवा काच नाहीत. चीज मुरतं तेव्हा प्रथिनं तुटतात, आणि त्यातलं टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल कणांच्या रूपात बाहेर येतं. ते आत सापडतं आणि दाताखाली कुरकुरतं. दुसरा प्रकार कॅल्शियम लॅक्टेटचा. तो अनेकदा पृष्ठभागावर पांढऱ्या पिठासारखा पसरतो आणि लोक त्याला बुरशी समजून फेकून देतात. बोटाने पुसून पाहा: बुरशी लोकरीसारखी मऊ लागते, हा थर खरखरीत लागतो. दोन्ही प्रकारचे कण निर्धास्त खा.

निळी रेघ हवेची. ढेप वाळताना किंवा उलटताना सालीला कुठेतरी बारीक चीर पडते, त्यातून हवा आत जाते आणि त्या वाटेने निळी बुरशी उतरते. अशी रेघ असलेला तुकडा मुद्दाम मागणारी गिऱ्हाइकं आमच्याकडे आहेत. रेघेजवळ थोडी मिरीसारखी चरचर लागेल. नाही आवडली तर तेवढा भाग काढून टाका. मातीचा, तळघराचा वास सालीचा आहे. कापडावर महिनोन्‌महिने बुरशी वाढते, करड्या-तपकिरी रंगाची. त्या बुरशीवर चीजचे अतिसूक्ष्म किडेही जगतात, सालीवर दिसणारी तपकिरी भुकटी त्यांचीच असते. कापड अर्थातच खायचं नाही, आणि त्याखालची चार-पाच मिलिमीटर साल मी तरी काढते. ती विषारी नसते, पण तिची मातकट चव बाकीच्या सगळ्यावर कुरघोडी करते. तुम्ही बहुधा सालीकडूनच पहिला घास घेतलात.

गोडव्याबद्दल तुमचं निरीक्षण अगदी अचूक आहे. अलीकडच्या बऱ्याच प्लास्टिकबंद चेडरमध्ये नेहमीच्या विरजणाबरोबर लॅक्टोबॅसिलस हेल्व्हेटिकस नावाचे जिवाणूही घालतात. ते कडवटपणा कमी करतात आणि गोडसर चव आणतात. आपल्या जिभेला गेल्या काही वर्षांत तीच चेडरची चव वाटायला लागली आहे. जुन्या पद्धतीचं चेडर गोडाकडे झुकत नाही. ते आंबूस, खारट आणि खमंग असतं. म्हणून पहिल्या घासाला काहीतरी कमी असल्यासारखं वाटतं. मला स्वतःला ही दुसरी चव फार मोलाची वाटते, आणि ती टिकावी म्हणूनच एवढं लिहिते आहे.

ही चव कशी घडते ते थोडक्यात सांगते. कोमट दुधाला विरजण लावतात, मग रेनेट घालून ते घट्ट करतात, कापतात, हळूहळू साधारण ४० अंशांपर्यंत तापवतात आणि हिरवट पाणी काढून टाकतात. इथपर्यंत अनेक चीजांची रीत सारखीच. पुढे चेडरचं वेगळेपण सुरू होतं: तळाशी बसलेल्या दह्याच्या जाड लाद्या कापून एकीवर एक रचतात आणि पुन्हापुन्हा उलटतात. स्वतःच्या वजनाने पाणी निघत जातं, आंबटपणा चढत जातो, आणि लादी हाताने फाडली तर उभे धागे सुटतात. समरसेटमध्ये या कृतीलाच 'चेडरिंग' म्हणतात. गावाचं नाव क्रियापद झालं. मग लाद्या दळायच्या, मीठ लावायचं, साच्यात दाबायचं, कापड गुंडाळून चरबी किंवा लोणी चोपडायचं आणि लाकडी फळ्यांवर ठेवून द्यायचं. त्यानंतर ढेपा वर्षभर, दीड वर्ष नियमाने उलटत राहायच्या. हे जडच काम आहे. समरसेटच्या वेस्टकोम डेअरीने त्यासाठी यंत्रमानव ठेवला आहे आणि त्याचं नाव ठेवलं आहे 'टीना द टर्नर'.

चेडर हे खरं तर मेंडिप टेकड्यांच्या कुशीतलं एक गाव. पण त्या नावावर कोणाचा हक्क नाही, त्यामुळे ते जगात कुठेही केलेल्या चीजला लावता येतं. संरक्षण आहे ते 'वेस्ट कंट्री फार्महाउस चेडर' या नावाला: समरसेट, डेव्हन, डॉर्सेट आणि कॉर्नवॉल हे चारच परगणे, आणि निदान नऊ महिने मुरवण्याची अट. पूर्वी या भागात शेतोशेती चीज होत असे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने दूध एकाच प्रकारच्या टिकाऊ चीजकडे वळवलं, लोक त्याला 'गव्हर्नमेंट चेडर' म्हणत. चीजचं रेशनिंग १९५४ पर्यंत चाललं. तोवर असंख्य शेतांवरचे साचे कायमचे बाजूला पडले होते, आणि पुढे प्लास्टिकमधल्या चौकोनी ठोकळ्यांनी बाजार व्यापला. कच्चं दूध, स्वतःच्याच गाई, कापड, जुनी विरजणं, हे सगळं धरून राहिलेल्यांत नॉर्थ कॅडबरीचे मॉन्टगोमरी, विंकँटनजवळचे कीन आणि एव्हरक्रीचचे वेस्टकोम ही नावं पहिल्यांदा घ्यावी लागतात. पारंपरिक खाद्यपदार्थ जपणाऱ्या स्लो फूड चळवळीने समरसेटच्या अस्सल चेडरचे रक्षणकर्ते म्हणून या तिघांना मान्यता दिली.

आता 'साठा मर्यादित' या पट्टीचा अर्थ कळेल. एक किलो चेडरला साधारण दहा लिटर दूध लागतं, आणि दूध एकाच शेताचं. आज मागणी वाढली म्हणून आज जास्त करता येत नाही, आज केलेलं पुढच्या वर्षीच विकता येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनच्या नील्स यार्ड डेअरी या चीज विक्रेत्यांना एका भामट्याने मोठ्या फ्रेंच विक्रेत्याचा घाऊक वितरक असल्याचं भासवून फसवलं आणि कापडातल्या चेडरच्या ९५० ढेपा, म्हणजे २२ टनांहून जास्त माल, पळवला. किंमत सुमारे ३ लाख पौंड. वेस्टकोम, पिचफोर्क आणि वेल्समधलं हाफोड, अशी तीन शेतांची चीजं त्यात होती. नील्स यार्डने तिन्ही शेतांचे पैसे चुकते केले, ही त्यातली मोठी गोष्ट. पण पैसे आले तरी गेलेल्या ढेपांच्या जागी तितक्याच मुरलेल्या ढेपा कुठून आणणार? ते सगळं ऐकताना आमच्या दुकानात बराच वेळ कोणी बोललं नव्हतं.

तुमच्या तुकड्याच्या पाकिटावर वय लिहिलेलं असेल तर मागे मोजून पाहा. डिसेंबरात घेतलेला १८ महिन्यांचा तुकडा आदल्या वर्षीच्या जूनमधला, म्हणजे गाई बाहेर हिरव्या गवतावर असतानाचा. गवतातलं कॅरोटीन दुधात उतरतं आणि चीज लोण्यासारखं पिवळं दिसतं. हिवाळी दुधाचं चीज फिकट असतं. म्हशीचं लोणी पांढरं आणि गाईचं पिवळं हे आपल्याला माहीतच आहे, इथे तो फरक एकाच गाईच्या दोन ऋतूंमध्ये दिसतो. पुढच्या खेपेला त्याच शेताचा तुकडा घेतलात आणि चव वेगळी लागली तर नवल वाटू देऊ नका. दिवस वेगळा, विरजण वेगळं, गवत वेगळं.

आता सासूबाई. दूध घट्ट करायला जे रेनेट वापरतात ते परंपरेने वासराच्या जठरातून काढलेलं असतं. ते गाळून निघून जात नाही, चीजमध्ये थोडं राहतंच. जुन्या पद्धतीच्या कापडी चेडरमध्ये बहुधा हेच रेनेट असतं. त्याशिवाय कापड चिकटवायला चोपडलेली चरबी अनेक ठिकाणी डुकराची असते. साल काढून टाकली तरी हे सासूबाईंना माहीत असायला हवं, आणि ठरवायचं त्यांनी. 'दुधाचंच तर आहे' असं म्हणून त्यांच्या पानात वाढू नका. माझ्या ओळखीच्या एका घरी हे झालं, नंतर त्या माउलीला कळलं आणि तिला फार लागलं.

ब्रिटनमधल्या बहुतांश साध्या चेडरवर शाकाहारींसाठी योग्य असल्याचं लिहिलेलं असतं. त्यात बुरशीपासून मिळवलेलं किंवा किण्वनाने तयार केलेलं रेनेट असतं. पाकिटावर तशी खूण नसेल तर ते शाकाहारी नाही असंच धरा. आणि हो, पास्त्यावर आपण सहज किसून घालतो ते अस्सल पार्मेजान नेहमी वासराच्या रेनेटचंच असतं, हे आपल्याकडच्या पुष्कळ घरांत माहीत नसतं. सासूबाईंना ब्रिटिश चीजची काही वेगळी गंमत दाखवायची असेल तर कॉर्निश यार्ग शोधा. नेटल नावाच्या, अंगाला लागली की आग करणाऱ्या रानपाल्याची पानं त्याच्यावर लपेटलेली असतात. चव लिंबासारखी आंबूस आणि ते शाकाहारी आहे. घेताना पाकिटावरची खूण तेवढी पाहून घ्या.

कच्च्या दुधाचं चीज असेल तर इथे पाकिटावर तसं लिहावंच लागतं. घरात गरोदर बाई, अगदी लहान मूल किंवा आजारी वृद्ध माणूस असेल तर पाश्चराइज्ड दुधाचं घ्या. कापडातली पाश्चराइज्ड चेडरही मिळतात आणि त्यांतली काही उत्तम असतात.

तुकडा खरोखर बिघडलेला कधी म्हणायचा? खवट वास, म्हणजे जुन्या शेंगदाण्याचा किंवा जुन्या खोबऱ्याचा, तोही तोंड साफ करून तासभर ठेवल्यानंतर येत असेल तर. पृष्ठभाग बुळबुळीत लागला तर. घशात अमोनियासारखी चुरचुर उठली तर. किंवा शेवटी एक रुक्ष कडवटपणा राहिला आणि पाणी पिऊनही गेला नाही तर. यातलं काही असेल तर पावती घेऊन दुकानात जा, कसलाही संकोच न करता. कापलेल्या बाजूवर चार दिवसांनी पांढरी-हिरवी लव आली तर तिच्या भोवतालचा इंचभर भाग कापून टाका, बाकीचं चांगलं असतं. कठीण चीजचा तो फायदा.

ठेवताना चिकटणारं प्लास्टिक नको. मेणकागद किंवा बेकिंगचा कागद, त्यावर सैल डबा, आणि फ्रीजचा भाजीचा कप्पा. दोन आठवडे तरी छान राहील. खाताना सोबत आंबट सफरचंद किंवा साधं ओटचं बिस्कीट पुरे. मी ज्वारीच्या गरम भाकरीबरोबरही खाते. भाकरीचा किंचित कडसर गोडवा त्याला शोभतो, पण लसणाची चटणी त्या वेळी बाजूला ठेवते, कारण तिच्यापुढे चेडर दिसेनासं होतं. सँडविचमध्ये वितळवू नका असं मी म्हणणार नाही, पण त्यासाठी सालीजवळचा उग्र भाग ठेवा. टोकाकडचा अर्धा भाग तसाच, हाताने मोडून, आज संध्याकाळी खाऊन पाहा आणि काय लागलं ते मला नक्की कळवा.